ध्रुवावरचा उघडा समुद्र पृथ्वीला थंड करत नाही

रावेर-यावलच्या केळीवाल्यांत सध्या एक संदेश फिरतोय: ‘आर्क्टिकचा बर्फ वितळला तर वितळू द्या. झाकण निघालं की समुद्राची उष्णता हवेत जाते, तिथून अवकाशात, आणि पृथ्वी आपोआप थंड होते. जळगावची थंडी पाहा! पुढचे उन्हाळे नरमच जाणार.’

झाकणाची गोष्ट खरी आहे. समुद्राचं खारं पाणी उणे १.८ अंशाला गोठतं आणि भर हिवाळ्यात तिथली हवा उणे ३० पर्यंत उतरते. बर्फाला भेग पडली की डिसेंबरच्या पहाटे आपल्या विहिरीवर दिसते तशी वाफ तिथे पाण्यावर उठते. दोन मीटर जाड बर्फातून चौरस मीटरमागे जेमतेम वीस-तीस वॅट उष्णता बाहेर पडते, वर हिम साचलं असेल तर त्याहून कमी. उघड्या पाण्यातून मात्र कित्येक शे वॅट जातात. म्हणूनच भेग लवकर गोठते आणि पातळ बर्फ जाड बर्फापेक्षा झपाट्याने वाढतो.

‘तिथून अवकाशात’ इथे मात्र संदेश घसरतो. ही उष्णता आधी खालच्या हवेत मुरते. हिवाळ्यात तिथे थंड, जड हवा तळाशी बसून असते, त्यामुळे ऊब सहज वर जात नाही. सोबत निघालेल्या बाष्पाचे ढग होतात, आणि बाष्प व ढग दोन्ही बरीच उष्णता परत खाली पाठवतात. आर्क्टिकची हवा सर्वांत जास्त तापली आहे ती शरद-हिवाळ्यातच.

आणि ही उष्णता आली कुठून, हे संदेश सांगतच नाही. ती उन्हाळ्यात कमावलेली असते. हिमाच्छादित बर्फ ऐंशी टक्क्यांहून जास्त ऊन परतवतो, उघडं पाणी नव्वद टक्क्यांहून जास्त पिऊन टाकतं, आणि जूनमध्ये ध्रुवावर सूर्य मावळतच नाही. हिवाळ्यातल्या खर्चाने ही जमा फिटली असती, तर बर्फ पुन्हा भरून आला असता. प्रत्यक्षात १९८० च्या दशकात सप्टेंबरमध्ये सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर असलेला बर्फ २०१२ मध्ये ३४ लाखांवर आला.

जळगावची थंडी उत्तरेच्या वाऱ्यांची, चार दिवसांची. तेवढ्यात केळीचा पोंगा, म्हणजे गुंडाळलेलं कोवळं पान, अडतो, हे खरं. पण त्यावरून अख्ख्या पृथ्वीचा ताप मोजता येत नाही. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो आणि गरम वारा पानं फाडतो. या संदेशाच्या भरवशावर वारा अडवणारी बांधावरची शेवरीची झाडं तोडू नका, फळपीक विमाही सोडू नका.