सात दिवसांत मेंदू धुऊन निघतो म्हणे

आमच्या घरच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तोच मेसेज चौथ्यांदा आला. या खेपेला मावशीने पाठवलेला. तुमच्याकडेही येऊन गेला असेल. मोबाईल बघून मेंदूतलं डोपामाइन नावाचं रसायन चढतं आणि मेंदू सडतो. सात दिवस सगळ्या स्क्रीन बंद ठेवल्या की डोपामाइन उतरतं आणि मेंदू कोऱ्या पाटीसारखा होतो. माणसाचं लक्ष आता ८ सेकंदांवर आलंय, गोल्डफिशचं ९. निळ्या उजेडाने डोळ्याचा पडदा जळतो. आयपॅड काढणाऱ्या अ‍ॅपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्जने स्वतःच्या पोरांना स्क्रीनला हात लावू दिला नाही. २१ दिवस तग धरा, सवय कायमची सुटते. शेवटी ठेवणीतलं वाक्य: ज्याला जमत नाही तो गुलाम. खाली जोडलेले हात आणि गुलाबाचं फूल.

थोडे दिवस स्क्रीन बाजूला ठेवायला माझी ना नाही. भांडण आहे ते त्यासाठी दिलेल्या कारणांशी.

डोपामाइनपासून सुरुवात करतो, कारण आमच्या घरात त्याचा संबंध रोज सकाळी गोळ्यांच्या डबीशी येतो. अण्णांना पार्किन्सन आहे. मेंदूत डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी या आजारात मरत जातात. सकाळची गोळी लागू होण्याआधी त्यांचा हात कपाच्या कानापाशी येऊन थांबतो आणि चहावर साय धरते. खोलीतून बाहेर येताना उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. गोळीतल्या लेव्होडोपाचं मेंदूत डोपामाइन बनतं, आणि मग तेच अण्णा उठून पेपर आणायला जिना उतरतात. डोपामाइन खरोखर ‘उतरलेला’ माणूस असा असतो. मेसेजवाल्यांच्या डोळ्यासमोरचा प्रसन्न योगी तो नव्हे.

डोपामाइन हे काही साचलेलं विष नाही. हालचाल, शिकणं, एखादी गोष्ट हवीशी वाटणं, सगळ्याला ते लागतं. मोबाईल कपाटात ठेवला म्हणून ते गच्चीवरच्या टाकीसारखं रिकामं होत नाही. गंमत म्हणजे ‘डोपामाइन फास्टिंग’ हा शब्द २०१९ मध्ये गाजवणारे सॅन फ्रान्सिस्कोचे मानसशास्त्रज्ञ कॅमेरॉन सेपाह यांनीच सांगून ठेवलंय की हे नाव शब्दशः घेऊ नका. त्यांचा सल्ला साधा होता: जी सवय हाताबाहेर गेलीय तिला ठरावीक वेळेची वेसण घाला. (आमच्या ग्रुपवर सकाळी ‘डोपामाइन उतरवा’ आणि संध्याकाळी ‘ताकदीसाठी कवचबीज खा’ असे दोन्ही मेसेज येतात. कवचबीज म्हणजे खाजकुइलीचं बी, आणि त्यात लेव्होडोपाच असतं!)

मेसेजमध्ये खरा अंश आहे, पण तो वेगळ्याच जागी. वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत दिसलं की डोपामाइनच्या पेशी अनपेक्षित बक्षिसाला जोरात प्रतिसाद देतात आणि सरावानंतर बक्षिसापेक्षा त्याची चाहूल देणाऱ्या खुणेलाच जाग्या होतात. म्हणून मोबाईलमध्ये काय आलंय यापेक्षा तो ‘टिंग’ आपल्याला जास्त ओढतो. तो आवाज बंद करायला सात दिवसांचं व्रत लागत नाही, सेटिंगमध्ये दोनदा बोट लावलं की झालं.

आता गोल्डफिश. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या शाखेच्या एका अहवालात हा आकडा छापला गेला आणि जगभर पसरला. त्यांनी तो स्वतः मोजलेला नव्हता, एका आकडेवारीच्या संकेतस्थळावरून उचललेला होता, आणि पत्रकारांनी मूळ शोधायला घेतलं तर खाली अभ्यासच सापडेना. बरं, माणसाचं ‘लक्ष’ असं सरसकट सेकंदांत मोजताच येत नाही. मेसेज पाठवणारी हीच मावशी क्रिकेटच्या शेवटच्या षटकात फोडणी जळेपर्यंत उठत नाही. आणि बिचारा गोल्डफिश शिकवलेली गोष्ट कित्येक आठवडे लक्षात ठेवतो.

निळ्या उजेडाचं थोडक्यात. स्क्रीनच्या उजेडाने पडदा जळतो याला पुरावा नाही. उन्हात बाहेर पडलात तरी त्यापेक्षा कितीतरी जास्त निळा प्रकाश डोळ्यांत जातो. डोळे चुरचुरतात ते टक लावून बघताना पापण्या कमी लवतात म्हणून. आणि २१ दिवस? मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात. त्यातला ‘निदान’ वाटेत गळाला. पुढे लंडनमध्ये ९६ जणांचा अभ्यास झाला, त्यात सवय अंगवळणी पडायला १८ ते २५४ दिवस लागतील असं दिसलं.

जॉब्ज यांनी पत्रकार निक बिल्टन यांना २०१० मध्ये सांगितलं ते एवढंच: मुलांनी आयपॅड अजून वापरलेला नाही, घरात तंत्रज्ञानावर मर्यादा घालतो. मर्यादा म्हणजे बंदी नव्हे, आणि आयपॅड तेव्हा नुकता बाजारात आला होता.

मला खरा राग येतो तो ‘गुलाम’ या शब्दाचा. अंगणवाडी सेविकेने सात दिवस फोन बंद ठेवला तर पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपमधल्या नोंदी कोण करणार? २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारी मोबाईल खरंच परत केले होते, पण ते मनःशांतीसाठी नव्हे. फोन निकृष्ट आणि अ‍ॅप मराठीत नाही, म्हणून केलेलं आंदोलन होतं ते. घरोघरी जेवण पोचवणाऱ्या पोराची तर रोजीच स्क्रीनवर आहे. सात दिवस फोन बंद ठेवणं परवडतं ते ज्याचे फोन दुसरं कोणी घेतं त्याला.

मग स्क्रीन सोडून काहीच होत नाही का? होतं. अमेरिकेत २०१८ च्या निवडणुकीआधी संशोधकांनी काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. दिवसाला सरासरी तासभर मोकळा झाला, मनाला थोडं बरं वाटलं, बातम्यांची माहिती मात्र कमी झाली. प्रयोग संपल्यावरही लोकांचा वापर पहिल्यापेक्षा कमीच राहिला. ‘थोडं बरं’ एवढंच. मेसेज मात्र कोरी पाटी कबूल करतो, आणि आठव्या दिवशी ती तशी झाली नाही की माणूस दोष स्वतःला देतो.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव घ्या. करोनाच्या ऑनलाइन शाळेनंतर पोरांच्या हातातला फोन सुटेना, म्हणून १४ ऑगस्ट २०२२ च्या ग्रामसभेत ठरलं: संध्याकाळी ७ ला भोंगा वाजला की सगळ्यांचे टीव्ही-मोबाईल बंद, साडेआठला पुन्हा भोंगा. आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी समजवायला गेले. मला यात भोंग्यापेक्षा ‘सगळ्यांचे’ हा भाग मोलाचा वाटतो. शेजारच्या घरात मालिका चालू नाही, मित्र ऑनलाइन नाही, बापाच्याही हातात फोन नाही. मग चौथीतल्या पोराला एकट्याने निग्रह करावाच लागत नाही. आणि दीड तासाने ज्याचं काम अडलंय त्याचा फोन सुरू.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं तर मावशीचा फोन. “मग मी बंद ठेवू का नको ते सांग ना सरळ!”

“ठेव की. रोज आठ ते नऊ ठेव. पण काकांनाही ठेवायला लाव, नाहीतर ते शेजारी बसून रील बघणार आणि तू त्यांच्यावर चिडणार.”

“आणि तुमच्याकडे?”

आमच्याकडे आठला सगळ्यांचे फोन फ्रिजवर जातात. अण्णांचा सोडून. उंबऱ्याशी अडकलेला पाय ठेक्यावर सुटतो, हे आम्हाला फिजिओथेरपीच्या बाईंनी दाखवलं. जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्यात आणि अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात मोबाईलवर केरवा ताल लावून ठेवलेला असतो. धा गे ना ती वर एक पाऊल, न क धि न वर दुसरं. जेवायला येईपर्यंत तो वाजत राहतो.