‘निष्ठेचं बक्षीस’ म्हणणाऱ्या धंतोलीकरांना

धंतोलीकर, नमस्कार.

तुम्ही नाव दिलेलं नाही, ‘एक धंतोलीकर’ एवढीच सही केली आहे, म्हणून त्याच नावानं हाक मारते. प्रतिभाताई पाटलांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की ताईंचं सगळं राजकारण म्हणजे एका घराण्याशी निष्ठा आणि राष्ट्रपतिपद हे त्या निष्ठेचं बक्षीस. त्यांच्या कारकिर्दीतले वाद मी झाकले. विदर्भाला त्यांच्याकडून काही मिळालं नाही, तरी मी त्यांना ‘विदर्भकन्या’ म्हटलं. आणि स्वातंत्र्यलढ्यात उतरलेल्या, पुढे नागपूरच्या खासदार झालेल्या अनसूयाबाई काळ्यांसारख्या खऱ्या लढणाऱ्या बाईच्या गावात, म्हणजे आपल्या नागपुरात बसून ‘बसवलेल्या’ बाईचं कौतुक करणं हा अनसूयाबाईंवर अन्याय आहे. हे शेवटचं वाक्य मला लागलं. म्हणून उत्तर लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आधी निष्ठेचं बघू. १९६२ साली जळगावातून त्या आमदार झाल्या तेव्हा वय २७. पुढे १९६७, १९७२, १९७८, १९८० असं चार वेळा एदलाबादमधून, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरमधून. १९८५ मध्ये राज्यसभा, आणि १९९१ मध्ये आपल्या अमरावतीतून लोकसभा. लोकांच्या दारात जाऊन लढवलेल्या सहा निवडणुका, आणि सहाही जिंकल्या. राज्यपालपद दिल्लीतून मिळतं, मान्य. राष्ट्रपतिपदाची उमेदवारी दिल्लीत ठरते, तेही मान्य. पण एदलाबादचा केळीवाला शेतकरी दिल्लीला विचारून मत देत नाही. तोच माणूस अठरा वर्षं एकाच बाईला निवडून देतो, याला निष्ठेपलीकडचं काही कारण असणारच ना?

आणि निष्ठा म्हणता, तर ती कोणत्या काळातली तेही बघा. १९७७ मध्ये इंदिराबाई हरल्या. पुढच्याच वर्षी पक्ष फुटला. यशवंतराव, वसंतदादा अशी महाराष्ट्रातली वजनदार माणसं दुसऱ्या बाजूला गेली. त्या वेळी इंदिराबाईंसोबत राहून कुणाचं भलं होईल असं दिसत नव्हतं. ताई राहिल्या. १९७९ मध्ये शरद पवारांचं पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं आघाडी सरकार असताना त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या. १९८० मध्ये पक्ष सत्तेत परतला तेव्हा मुख्यमंत्रिपद अंतुल्यांकडे गेलं, आणि ताईंना मंत्रिपदासाठीसुद्धा १९८२ उजाडावं लागलं. बक्षीस वाटायचंच होतं तर ते तेव्हाच वाटलं गेलं असतं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती आपल्याकडे कुणालाच आठवत नाही. त्याच १९७९ मध्ये ताईंच्या आधी विरोधी पक्षनेत्याच्या खुर्चीवर प्रभा राव होत्या. आपल्या वर्ध्याच्या, पुलगावच्या आमदार. लागोपाठ दोन बायकांनी ती खुर्ची सांभाळली. पुढे दोघी प्रदेशाध्यक्ष झाल्या, दोघी लोकसभेत गेल्या, दोघी राजस्थानच्या राज्यपाल झाल्या. प्रभाताई २०१० मध्ये त्या पदावर असतानाच गेल्या. नागपूरहून दीड तासावरच्या या बाईवर मराठीत किती लिहिलं गेलं, सांगा बरं. मीही लिहिलेलं नाही, आणि त्याची मला मनापासून खंत आहे.

‘बसवलेली बाई’ हा शब्द तुम्ही सहज वापरलात. मला तो सहज घेता येत नाही. सातवीत असताना बाबांनी कुणाकडून तरी हिवाळी अधिवेशनाचे पास मिळवले होते. डिसेंबरातली थंडी, विधानभवनाच्या फाटकाशी पोलिसांची रांग, बाहेर मोर्चांच्या घोषणा, आत एकदम वेगळंच जग. प्रेक्षकांच्या गॅलरीतून खाली बघत मी पहिलं काम केलं ते बायका मोजण्याचं. दोन हातांची बोटं पुरली. त्यातल्या एक बोलायला उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर, हातात कागद. त्या उभ्या राहिल्या आणि खालच्या बाकांवर आपसातली कुजबुज सुरू झाली, कुणी मागे वळून शेजाऱ्याशी बोलायला लागलं. बाईंनी आवाज चढवला नाही. क्षणभर थांबल्या, कागदावरची ओळ बोटानं पुन्हा शोधली आणि मुद्दा पुरा करूनच बसल्या. बाबा मला उठवत होते, पासची वेळ संपली होती. मला हलवेना.

दुसरी गोष्ट माझ्या वहिनीची. विदर्भातल्याच एका नगरपालिकेत तिचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि घरच्यांनी तिला उभं केलं. तुमच्या भाषेत अगदी बसवलेली बाई. पहिलं वर्षभर फोन दादा उचलायचा, सह्यांचे कागद दादा वाचायचा, आणि साहेब मंडळी तिच्यासमोर बसून दादाशी बोलायची. आमची आजी तर तोंडावर म्हणायची, ‘बाई, तू फकस्त चहा सांग, बोलाचं ते त्यो बोलंल.’ मग एक दिवस पाण्याच्या लाइनीचा नकाशा घेऊन एक अधिकारी घरी आले. दादाला समजावत होते की लाइन मेन रोडनंच येऊ शकते. वहिनी चहा ठेवायला आली, नकाशावर वाकली, आणि एका गल्लीवर बोट ठेवून म्हणाली, ‘इथं जुनी लाइन आहे, विहिरीच्या मागून. माझ्या सासूबाईंनी तिचं पाणी भरलंय.’ साहेबांनी नकाशा फिरवून तिच्याकडे केला. दादाकडचा तो नकाशा तिच्याकडे वळायला चौदा महिने लागले होते. दुसऱ्या वेळी वॉर्ड खुला झाला, तरी ती लढली आणि निवडून आली.

म्हणून कुणी कुणाला खुर्चीवर बसवलं यापाशी माझा विचार थांबत नाही. बसल्यावर तिथं काय केलं, किती वर्षं केलं, हे मी बघते. राजकारणात येणारा बहुतेक प्रत्येक पुरुषही कुणीतरी आणलेलाच असतो. काका, मामा, साखर कारखाना, एखादं मंडळ. त्याला आपण ‘तालमीत तयार झाला’ म्हणतो.

आता वादांकडे येते, कारण तिथे तुमची तक्रार खरी आहे. मी लेखात त्यांना एक ओळ दिली, ते चुकलंच. पुण्यात खडकीला लष्कराच्या जागेवर निवृत्तीनंतरचं घर बांधण्याचा बेत अयोग्य होता. २०१२ मध्ये माजी सैनिकांनी आवाज उठवल्यावर ताईंनी ती जागा सोडली, पण तो बेत मुळात व्हायलाच नको होता. परदेश दौऱ्यांचा खर्च माहितीच्या अधिकारात दोनशे कोटींच्या वर निघाला. त्यावर प्रश्न विचारणं हा लोकांचा हक्क आहे.

फाशीच्या दयेच्या अर्जांबद्दल मात्र सावकाश बोलू. तीसहून अधिक जणांची फाशी त्यांच्या काळात जन्मठेपेत बदलली, त्यात लहान मुलींवर अत्याचार करून त्यांचा जीव घेणारेही होते. आई म्हणून माझाही जीव तळमळतो. पण राज्यघटनेच्या ७२व्या कलमातला हा अधिकार राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं वापरावा लागतो. फार तर फाइल एकदा परत पाठवता येते किंवा थांबवून ठेवता येते. त्यांच्याच सहीनं काही अर्ज फेटाळलेही गेले, राजीव गांधींच्या मारेकऱ्यांचे त्यातच होते. मला जास्त राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. ज्यांना दया मिळाली त्यातला एक कैदी पाच वर्षांपूर्वीच तुरुंगात मेलेला होता, आणि गृहखात्यापासून राष्ट्रपती भवनापर्यंत एकाही टेबलावर ते कुणाच्या लक्षात आलं नाही. एखाद्या माणसाच्या जिवाचा कागद इतक्या बेफिकिरीनं हलतो, याबद्दल मी ताईंनाही माफ करू शकत नाही.

आणि गंमत नाही, धंतोलीकर, फार जिव्हाळ्यानं सांगते: अनसूयाबाईंचं नाव तुम्ही घेतलंत, तर त्यांचं सर्वांत मोठं काम कोणतं? आष्टी-चिमूरच्या बेचाळीसच्या लढ्यात ज्यांना फाशी सुनावली होती, त्यांचे जीव वाचवण्यासाठी त्या धावल्या. तेही दयेचंच राजकारण होतं, अर्ज, भेटीगाठी, पत्रं. त्याआधी १९३७ मध्ये त्या मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेत उपाध्यक्ष होत्या, म्हणजे खुर्चीवरही बसल्या आणि तुरुंगातही. मग १९५२ आणि १९५७ मध्ये नागपूरच्या खासदार. ताईही १९८६ ते १९८८ राज्यसभेच्या उपसभापती होत्या. सभागृह चालवणं हेही राजकारणातलं कसब आहे, आणि दोघींकडे ते होतं. एकीला मोठं करायला दुसरीला लहान करायची गरज मला वाटत नाही.

खरा अन्याय वेगळाच आहे आणि तो आपल्या शहराचा आहे. अनसूयाबाईंनंतर नागपूर मतदारसंघातून एकही बाई लोकसभेत गेलेली नाही. अणे, धोटे, पुरोहित, मेघे, मुत्तेमवार, गडकरी अशी नावं आपल्याला तोंडपाठ आहेत. त्यात बाईचं नाव नाही. महिला आरक्षणाचं विधेयक १९९६ मध्ये पहिल्यांदा मांडलं गेलं, २०१० मध्ये ताई राष्ट्रपती असताना राज्यसभेनं मंजूर केलं, लोकसभेत अडलं ते अडलंच. २०२३ मध्ये घटनादुरुस्ती झाली, पण अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधलेली. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ बायका निवडून आल्या. सातवीतल्या मुलीनं गॅलरीतून मोजाव्यात इतक्याच म्हणा.

विदर्भाला काय मिळालं, यावर मी तुमच्याशी भांडणार नाही. अमरावतीच्या खासदार म्हणून पाच वर्षं आणि राष्ट्रपती म्हणून पाच वर्षं, यापेक्षा जास्त अपेक्षा आपण ठेवली होती आणि ती ठेवायलाच हवी होती.

‘विदर्भकन्या’ हा शब्द मात्र मी आज लेखातून काढला. जन्म नाडगावचा, जळगाव जिल्ह्यातला. माहेर खानदेश, सासर अमरावती. ‘विदर्भाची सून’ असं आता केलं आहे. चूक दाखवलीत, आभारी आहे. आणि प्रभा रावांवर लिहायला घेतलंय. तुमच्या ओळखीत पुलगाव-वर्ध्याकडची, त्यांच्या सभांना गेलेली म्हातारी माणसं असतील तर त्यांना माझ्याशी बोलायला नक्की सांगा. मी तिकडे यायला तयार आहे.