‘आयलंड्स इन द स्ट्रीम’ प्रेमप्रकरणातून जन्मलं नाही

केनी रॉजर्स आणि डॉली पार्टन या अमेरिकन गायकांच्या ‘आयलंड्स इन द स्ट्रीम’ या युगुलगीताबद्दलचा एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. त्यानुसार दोघांचं खरोखरच प्रेम होतं, डॉलीनं हे गाणं केनीसाठी लिहिलं, ते अस्सल नॅशव्हिलचं, म्हणजे कंट्री या अमेरिकन लोकवळणाच्या संगीताच्या माहेरघरचं गाणं आहे आणि त्यातलं खरं प्रेम लोकांना भिडलं म्हणून ते पहिल्या क्रमांकावर पोचलं. वाचायला गोड वाटतं, पण ज्यांनी हे गाणं घडवलं त्यांचं श्रेय यात सरळसरळ मारलं जातं.

आधी ‘डॉलीनं लिहिलं’ हे बघू. डॉली फार मोठी गीतकार आहे, पण हे गाणं बॅरी, रॉबिन आणि मॉरिस गिब या भावांचं, म्हणजे डिस्को या नाचाच्या संगीतामुळे गाजलेल्या ‘बी जीज’ या गटाचं. केनीच्या १९८३च्या ज्या अल्बममध्ये ते आलं, त्यातली सगळी गाणी गिब बंधूंचीच होती. ते दुसऱ्यांसाठी का लिहीत होते, हे समजून घेण्यासारखं आहे. जुलै १९७९मध्ये शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या रेकॉर्ड्स स्फोटानं उडवल्या गेल्या. डिस्कोविरोधाच्या त्या लाटेत अमेरिकन रेडिओनं बी जीजकडेही पाठ फिरवली. आवाज नको झाला, पण चाली बांधणारा हात कुठे गेला होता? १९८०मध्ये बार्बरा स्ट्रायसँड आणि १९८२मध्ये डिऑन वॉरिक या गायिकांना त्यांनी हिट गाणी दिली. ‘आयलंड्स’ही मुळात आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) या कृष्णवर्णीय अमेरिकन संगीताच्या अंगानं रचलेलं होतं. त्यामुळे ‘अस्सल नॅशव्हिल’चा दावाही इथेच संपतो.

प्रेमप्रकरणाबद्दल थोडक्यात सांगते. डॉलीचं लग्न १९६६मध्ये कार्ल डीनशी झालं आणि २०२५मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत टिकलं. १९८३मध्ये केनीचंही लग्न झालेलं होतं. दोघांनी आयुष्यभर मैत्रीच सांगितली. युगुलगीत रंगलं म्हणून आपण आपल्या पार्श्वगायकांची लग्नं जुळवत नाही. मग इथेच का?

उलट खरी हकिगत जास्त रंजक आहे. केनीनंच नंतर सांगितल्याप्रमाणे, चार दिवस एकट्यानं गाऊन तो या गाण्याला कंटाळला होता. बॅरी गिब म्हणाला, आपल्याला डॉली हवी. योगायोगानं ती त्याच इमारतीत होती. ती आली आणि गाण्याचा नूरच पालटला. आज कान देऊन ऐका. सुरुवात केनीच्या खालच्या, किंचित खरखरीत आवाजात होते. मग डॉलीचा बारीक, लखलखीत आवाज त्याच्यावर चढतो. दुसरं कडवं ती घेते तेव्हा पट्टीच बदलते, आणि ओळखीची चाल नव्यानं उजळते. ही रचनेची आणि गळ्यांची करामत आहे. तिला प्रेमप्रकरणाचा टेकू लागत नाही.

राहिला यशाचा मुद्दा. २९ ऑक्टोबर १९८३च्या ‘बिलबोर्ड हॉट १००’ या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या साप्ताहिक यादीत या गाण्यानं बॉनी टायलरच्या ‘टोटल इक्लिप्स ऑफ द हार्ट’ला खाली खेचलं आणि दोन आठवडे पहिलं स्थान राखलं. बिलबोर्डच्याच कंट्री आणि अ‍ॅडल्ट कंटेंपररी (प्रौढ श्रोत्यांच्या आवडीची सौम्य गाणी) या याद्यांतही ते पहिलं आलं. तीन वेगवेगळ्या श्रोतृवर्गांनी एकच गाणं उचललं, कारण तिन्हीकडची वाट आधीच रुळलेली होती: केनीचं ‘लेडी’ १९८०मध्ये आणि डॉलीचं ‘नाइन टू फाइव्ह’ १९८१मध्ये याच हॉट १००च्या शिखरावर जाऊन आलं होतं. ‘लेडी’ लायनेल रिचीनं लिहिलेलं, आणि नोव्हेंबरमध्ये ‘आयलंड्स’ला पहिल्या जागेवरून हटवलं तेही रिचीच्याच गाण्यानं. त्यानंतर कंट्री यादीत पहिलं आलेलं गाणं पुन्हा हॉट १००च्या शिखरावर पोचायला २००० साल उजाडावं लागलं. ते होतं लोनस्टार या कंट्री बँडचं ‘अमेझ्ड’.