खेळणं बोललं म्हणून मूल बोलत नाही

धुळे-जळगावकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: मेंदूची 90 टक्के वाढ पाचव्या वर्षापर्यंत होते, म्हणून आत्ताच गाणारी-बोलणारी ‘एज्युकेशनल’ खेळणी घ्या, जितकी जास्त खेळणी, तितकं मूल हुशार, जत्रेतली माती-लाकडाची खेळणी विसरा, आणि खोक्यावर ‘3+’ लिहिलेलं खेळणं दोन वर्षांच्या मुलाला दिलं तर ते वर्षभर पुढे जातं. हा मेसेज वाचून ऐपतीबाहेरची खरेदी करणारी घरं मी पाहते आहे, म्हणून एकेक मुद्दा घेते.

मेंदूची गोष्ट सत्याच्या जवळची आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही मेंदूचा 85 टक्क्यांहून जास्त विकास सहाव्या वर्षाआधी होतो, असं म्हटलंय. पण त्यावरून खेळण्यांची खरेदी कशी निघते? तो विकास पोटभर जेवण, झोप, हिंडणं-फिरणं आणि जिव्हाळ्याची माणसं यांच्यावर होतो. दुकानाचं नाव त्यात येत नाही.

खरा घोळ पुढच्या मुद्द्यात आहे: बटण दाबलं की ‘ए फॉर ॲपल’ म्हणणारं खेळणं भाषा शिकवतं. अमेरिकेतल्या नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाच्या ॲना सोसा यांनी हेच तपासलं. अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. 10 ते 16 महिन्यांची 26 बाळं आणि त्यांचे आईवडील. खेळायला कधी बॅटरीची खेळणी, कधी ठोकळे आणि आकारांची कोडी, कधी चित्रांची पुस्तकं. बॅटरीची खेळणी हातात असताना आईवडील सगळ्यांत कमी बोलले, बाळाला त्यांनी उत्तरंही कमी दिली, आणि पुस्तकं पाहताना बाळं जेवढे आवाज काढत होती तेवढे या खेळण्यांशी काढत नव्हती. अभ्यास लहान आहे, पण त्यातलं कारण कोणत्याही घरात दिसतं. खेळणं बोलायला लागलं की माणसं गप्प बसतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही 2018 मध्ये पालकांना हेच सांगितलं: साधी खेळणी निवडा आणि सोबत खेळा.

आता आपल्याकडचं बघा. आजी भरताची वांगी निवडत बसलीय. दीड वर्षांचं नातवंड एक वांगं उचलून पुढे करतं. आजी विचारते, “हाई काय शे?” पोर काहीतरी पुटपुटतं, आजी त्याला शब्द देते, पोर दुसरं वांगं उचलतं. बोलणं असं देवघेवीतून येतं. खेळणं मुलाच्या तोंडाकडे बघत नाही आणि थांबून ऐकतही नाही. शिवाय ते या पोराची अहिराणी बोलत नाही. पोळ्याच्या मातीच्या बैलाला आवाज नसतो, म्हणून हंबरायचं काम मुलाला स्वतः करावं लागतं. मला हीच त्या बैलाची मोठी जमेची बाजू वाटते.

जास्त खेळणी, जास्त बुद्धी? अमेरिकेतल्याच टोलिडो विद्यापीठाच्या 2018 च्या अभ्यासात 36 लहानग्यांना एकदा 4 आणि एकदा 16 खेळणी दिली. चारच असताना मुलं एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली आणि त्याच्याशी जास्त तऱ्हांनी खेळली. घरात ढीग असेल तर निम्मी खेळणी फडताळात ठेवा, काही दिवसांनी अदलाबदल करा. एक पैसा लागत नाही.

जत्रेतल्या खेळण्यांबद्दल मेसेज थोडा बरोबर आहे. सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेल्या भिंगरीचा रंग बोटांना लागत असेल किंवा खुळखुळ्याची टोपी निघत असेल, तर ते बाळाच्या तोंडात जाऊ देऊ नका. पण हा दोष माती-लाकडाचा नाही. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे (नोंदणीकृत हस्तकारागिरांना सूट आहे), म्हणून दुकानातल्या चकचकीत प्लास्टिकच्या खोक्यावरही ते आधी शोधा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, त्या परिसरात मिळणाऱ्या साध्या वस्तूंवरच.

शेवटच्या मुद्द्यावर मात्र मला रागच येतो. खोक्यावरचं ‘3+’ हुशारीची इयत्ता सांगत नाही. आत घशात अडकू शकतील असे बारीक तुकडे आहेत, हा तो इशारा असतो. साधारण 3 सेंटिमीटर रुंदीच्या नळीत मावणारी कोणतीही वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाला नको. यात गोट्या, चिंचोके, सागरगोटे आणि आपल्या घरोघरी असणारे शेंगदाणेही आले. त्यांना एकात एक बसणाऱ्या वाट्या, झाकणाचे डबे, मोठे ठोकळे, कापडी चेंडू द्या. आणि बॅटरीचं खेळणं घरात असेलच, तर बॅटरीचं झाकण स्क्रूने घट्ट बसलंय का ते आजच बघा. बटणासारखी चपटी बॅटरी गिळली गेली तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. तसा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय करत बसू नका, उलटी करवू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या आणि एक्स-रे काढून घ्या.