घरात सप्ताह बसला असता मुलांनी पाळावयाचे नियम

दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला. म्हणजे गुरुचरित्राचा सप्ताह, सात दिवसांचं पारायण, बसणार बहुधा डिसेंबरात, दहावीची पूर्वपरीक्षा तोंडावर असताना. असल्या घरात जन्म घेतलाच आहेत तर आता कुरकुर नको.

आधी वेळापत्रक पाठ करा. तुमचं नव्हे, गुरुचरित्राचं. पहिल्या दिवशी ९व्या अध्यायापर्यंत, मग २१, २९, ३५, ३८, ४३ आणि सातव्या दिवशी ५२ पर्यंत. पाचव्या दिवशी तीनच अध्याय दिसले म्हणून हुरळू नका. ३६वा संपता संपत नाही. शौच, स्नान, दात घासणं, सगळा आचार त्यात आहे. त्या दिवशी पानं दीडच्या आत मांडली जात नाहीत.

वाचताना बाबांनी मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही. त्यामुळे घर खुणांवर चालतं. भुवई वर आणि 'हंऽ' म्हणजे दारात कोण ते बघ. बोट गोल फिरवलं तर पंखा बंद कर. ओळीवर बोट ठेवून नुसतं रोखून बघितलं, तर मोबाइल ठेव. खुणा चुकवू नका. पंखा बंद करायच्या ऐवजी वाढवलात तर समई विझेल आणि तो अपशकुन तुमच्या खात्यावर चढेल. वात कोरडी होती, तेल तळाला गेलं होतं, हे कुणी ऐकून घेणार नाही.

आई वाचत नाही. बायकांनी ही पोथी वाचू नये म्हणतात. तिने फक्त पहाटे उठून सोवळ्यात स्वयंपाक करायचा, नैवेद्य दाखवायचा आणि उष्टी काढायची. पुण्य वाचणाऱ्याला. तारीख सप्ताहात येत असेल तर औषधाच्या दुकानातून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणायला तुम्हालाच पिटाळतील. कागदात गुंडाळून आणा. त्या तारखेच्या तीनेक दिवस आधीपासून घ्याव्या लागतात, मध्ये चुकून चालत नाहीत आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. डॉक्टरांना विचारलं का, हा प्रश्न घरात काढू नका. पोथीत तो नाही. वलणीवरच्या सोवळ्याला मात्र हात लावू नका. कपडा ओवळा झाला की पुन्हा धुणारी तीच.

आता वडापाव. खाणारच आहात, तर लसणाच्या चटणीचा अभ्यास करून खा. बडीशेप चावून उपयोग नाही. लसणाचा वास रक्तात उतरतो आणि तासन्‌तास श्वासातून येत राहतो. त्यावर दूध चालतं, आणि सप्ताहात दूधभाताला तोटा नसतो. वडापावासोबतच दूध घेतलंत तर जास्त गुण. गाडीवर दूध कुठून मिळणार, हे तुमचं तुम्ही बघा.

उद्यापनाला घेवड्याची भाजी असते. दुसऱ्या दिवशीच्या वाचनात नृसिंहसरस्वती महाराज गरिबाच्या दारचा घेवड्याचा वेल उपटतात आणि खाली मोहरांचा हंडा सापडतो, म्हणून. आपल्या सोसायटीत कुणाचा वेल उपटून बघू का, असं विचारू नका. भाजी मुकाट्याने वाढून घ्या. पंगतीत कुणीतरी मावशी पूर्वपरीक्षेचं विचारणारच. मार्क चांगले असतील तर 'महाराजांची कृपा' म्हणून नमस्कार करा. कमी असतील तर गप्प बसा, वडापावाचा वास कुणाला आला होता ते आजी सांगेल.