टेस्लाला ते सूत्र स्वामीजींनी दिलं नव्हतं

दरवर्षी १२ जानेवारी, म्हणजे स्वामी विवेकानंदांची जयंती, जवळ आली की साताऱ्यातल्या शाळा-कॉलेजांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर थोडक्यात असा: १८९६ मध्ये न्यूयॉर्कला स्वामी विवेकानंदांनी विजेवर काम करणारा संशोधक निकोला टेस्लाला वेदान्तातलं द्रव्य आणि ऊर्जेचं एकत्व समजावून दिलं. ‘ई बरोबर एमसी स्क्वेअर’ (ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले प्रकाशाच्या वेगाचा वर्ग) हे सूत्र तेव्हाच तयार झालं. टेस्लाकडून ते आइन्स्टाइनकडे गेलं आणि नऊ वर्षांनी त्याने ते स्वतःच्या नावावर खपवलं. प्राण म्हणजे ऊर्जा, आकाश म्हणजे वस्तुमान, हे आपल्याला हजारो वर्षं ठाऊक होतं आणि पाश्चात्त्यांनी ते दडवलं. शेवटी अर्थातच ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’.

यंदा एका कार्यक्रमात सूत्रसंचालकाने हे माइकवरून वाचलं आणि बारावीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यातल्याच काहींना मी फिजिक्स शिकवतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

भेट झाली होती, यात शंका नाही. स्वामीजींनीच १३ फेब्रुवारी १८९६ च्या पत्रात इंग्लंडमधले स्नेही ई. टी. स्टर्डी यांना ते कळवलंय. सारा बर्नहार्ट ही त्या काळची गाजलेली नटी. बुद्धाच्या जीवनावरच्या तिच्या फ्रेंच नाटकाला स्वामीजी गेले होते. तिने त्यांना प्रेक्षकांत पाहिलं, भेटायची इच्छा दाखवली, आणि त्या बैठकीला टेस्लाही होता. प्राण, आकाश, कल्प (विश्व निर्माण होऊन लय पावण्याचं चक्र) या कल्पना ऐकून टेस्ला भारावला, असं स्वामीजी लिहितात.

मेसेज लिहिणाऱ्याने पत्र इथपर्यंतच वाचलं असावं. पुढे स्वामीजी सांगतात की शक्ती आणि द्रव्य ही दोन्ही स्थितिज (म्हणजे साठलेल्या) ऊर्जेत आणता येतात, हे गणिताने दाखवता येईल असं टेस्लाला वाटतं. ती नवी सिद्धता पाहायला मी पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे जाणार आहे. तसं झालं तर वेदान्ताच्या विश्वरचनेला भक्कम पाया मिळेल. म्हणजे गणित मांडणार होता टेस्ला, आणि ते बघायला जाणार होते स्वामीजी. मेसेजमध्ये नेमकं उलटं झालंय. शिवाय ‘तसं झालं तर’ ही अट स्वामीजींनी स्वतः घातलीय, तीही कुणीतरी गाळून टाकली.

आणि तसं झालं नाही. टेस्लाची ती सिद्धता कधी आलीच नाही. १२ नोव्हेंबर १८९७ ला लाहोरच्या व्याख्यानात स्वामीजी हाच प्रश्न पुन्हा घेतात. प्राण आणि आकाश यांच्यातही एकत्व सापडेल का? यावर आजचं विज्ञान मुकं आहे, त्याला अजून वाट सापडलेली नाही, असं ते म्हणतात. सापडली तर ती आपल्याच जुन्या वाटेने सापडेल, असंही ते पुढे म्हणतात. पण तो त्यांचा विश्वास झाला आणि विश्वास म्हणूनच त्यांनी तो मांडलाय. सूत्र २१ महिन्यांपूर्वी त्यांच्या हाती असतं तर लाहोरला विज्ञानाला मुकं का म्हटलं असतं?

आता टेस्ला ते आइन्स्टाइन हा प्रवास बघा. फेब्रुवारी १८९६ मध्ये आइन्स्टाइन होता १६ वर्षांचा आणि शिकत होता स्वित्झर्लंडमधल्या आराऊच्या शाळेत. टेस्लाबद्दल म्हणाल तर तो म्हातारपणापर्यंत आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाचा कट्टर विरोधक राहिला. १९३५ मध्ये त्याने या सिद्धान्ताला राजवस्त्रं पांघरलेला भिकारी म्हटलं, आणि पदार्थात बाहेरून मिळते त्याखेरीज ऊर्जा नसते, असंही तो ठासून सांगायचा. ज्याने सूत्र पोचवलं म्हणता, त्याला त्या सूत्राचा गाभाच मान्य नव्हता.

मग सूत्र आलं कुठून? मॅक्सवेलच्या विद्युतचुंबकीय सिद्धान्तातून. १८८१ मध्ये जे. जे. थॉमसन, १९०० मध्ये प्वाँकारे, १९०४ मध्ये हाझेनॉर्ल, अशी माणसं त्याच्या आसपास चाचपडत होती. सप्टेंबर १९०५ मधला आइन्स्टाइनचा लेख जेमतेम तीन पानांचा आहे आणि त्यात ‘ई बरोबर एमसी स्क्वेअर’ अशी ओळच नाही! वस्तूने ‘एल’ एवढी ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर टाकली तर तिचं वस्तुमान ‘एल भागिले व्ही वर्ग’ (व्ही म्हणजे प्रकाशाचा वेग) इतकं घटतं, असं तो लिहितो. शेवटी सुचवतो की रेडियमच्या क्षारांवर हे पडताळून बघता येईल. ‘मी चुकतोय का ते मोजून बघा’ असंच ते म्हणणं. तसं मोजणं १९३२ मध्ये कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी लिथियमचा अणू फोडला तेव्हा जमलं.

‘प्राण म्हणजे ऊर्जा, आकाश म्हणजे वस्तुमान’ या मुद्द्यावर जरा थांबायला हवं, कारण शहाणी माणसंही इथे घसरतात. आकाशापासून वायू, वायूपासून अग्नी हा तैत्तिरीय उपनिषदातला क्रम आहे. सगळ्याचं मूळ एक, हे भव्य तत्त्वज्ञान आहे आणि मला स्वतःला ते आवडतं. पण सूत्राचं काम ‘किती’ ते सांगणं. एक ग्रॅम वस्तुमान पूर्णपणे ऊर्जेत बदललं तर ९ वर १३ शून्यं इतके ज्यूल, म्हणजे अडीच कोटी युनिट वीज. आपल्या कोयना प्रकल्पाची सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १९६० मेगावॉट. सगळी जनित्रं एकदम पूर्ण ताकदीने चालवली तरी तेवढी वीज द्यायला पावणेतेरा तास लागतील. हा आकडा कुठल्या उपनिषदातून काढाल? काढता येत नाही, आणि त्यात उपनिषदाला कमीपणा काहीच नाही. ते त्यासाठी रचलेलंच नाही.

‘दडवलं’ या आरोपाला फार वेळ द्यायला नको. ज्या पत्रावर हा सगळा डोलारा उभा आहे, ते स्वामीजींच्या समग्र वाङ्मयात उघड छापलेलं आहे. (ज्या वाईत एकेका नोंदीसाठी माणसं खपली आणि मराठी विश्वकोश तयार झाला, त्या वाईच्या जिल्ह्यात आपण एक पत्र पूर्ण वाचत नाही!)

राहिला नेहमीचा बचाव: मुलांना प्रेरणा मिळते, बिघडलं काय? बिघडतं असं की उद्या ते पोरगं पुण्याला इंजिनिअरिंगला जातं, हॉस्टेलवर कुणीतरी पाच मिनिटांत हा मेसेज खोडून काढतं, आणि मेसेजबरोबर स्वामीजीही त्याच्या मनातून उतरतात. वास्तविक लंडनला १८९६ मध्येच स्वामीजींनी सांगितलं होतं की विज्ञानाला लावतो तीच तपासणी धर्मालाही लावा, जितक्या लवकर लावाल तितकं बरं. त्या तपासणीत जो धर्म टिकणार नाही तो मुळात निरुपयोगी अंधश्रद्धाच होता. एवढं बोलायला छाती लागते. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

सूत्रसंचालकाला मजकूर हवाच असेल तर खरा आहे की. १८९३ मध्ये जपानहून अमेरिकेला जाताना स्वामीजी आणि जमशेटजी टाटा एकाच बोटीवर होते. २३ नोव्हेंबर १८९८ ला टाटांनी त्या प्रवासाची आठवण देत त्यांना पत्र लिहिलं: भारतात वैज्ञानिक संशोधनाची संस्था काढतोय, लोकांना जागं करणारी एक पुस्तिका तुम्ही लिहा, खर्च मी करतो. तीच संस्था १९०९ मध्ये बंगळुरूला उभी राहिली. एका उद्योगपतीला प्रयोगशाळेसाठी संन्याशाची मदत मागावीशी वाटली, हे माइकवरून सांगायला एक मिनिटही लागत नाही.