शेक्सपिअर, भडंग आणि मी

आमची कन्या अकरावीला गेली आणि घरात शेक्सपिअर आला. 'टेमिंग ऑफ द श्रू'वर वर्गात दहा मिनिटं बोलायचं होतं. मी हरखलो. माझ्या कॉलेजच्या दिवसांतलं पुस्तक माळ्यावर होतं. स्टुलावर चढलो, काढलं, झटकलं, सलग सात शिंका दिल्या आणि तिच्या हातात ठेवलं.

तिने ते पाण्याच्या तांब्याला तिरकं टेकवलं, त्याला मोबाईल टेकवला आणि सिनेमा लावला. 'टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू', 1999 सालचा.

"आधी पुस्तक वाच," मी म्हणालो.

"बाबा, गोष्ट तीच आहे. बसा."

भडंगाचं ताट मध्ये ठेवून बसलो. इटलीतलं पाडुआ गाव इथे अमेरिकेतल्या शाळेचं नाव झालेलं. व्हेरोनाहून येणारा पेट्रुकिओ झाला पॅट्रिक व्हेरोना, म्हणजे आपल्याकडचा मिरजकरच. थोरली कुणाबरोबर फिरायला जाईल तेव्हाच धाकटीला परवानगी, हा बापाचा नियम. यात मला काही नवल वाटेना. थोरलीचं जमेपर्यंत धाकटीची पत्रिका कपाटाबाहेर काढायची नाही, हे आमच्या आत्याकडे कित्येक वर्षं चाललं होतं. पण हा बाप प्रसूतीचा डॉक्टर, तो धाकटीला खोटं पोट बांधायला लावतो. आत्याला एवढं सुचलं नव्हतं, हे बरंच झालं.

मग तो पोरगा मैदानाच्या पायऱ्यांवर माईक घेऊन गायला लागला. साथीला शाळेचा बँड. मागे पहारेकरी धावताहेत आणि हा नाचत निसटतोय. ही कसली विटंबना, असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण तोंडात भडंग होतं.

गिळून म्हणालो, "अभिजात नाटकाची ही मोडतोड!"

"मग देवलांनी काय केलं?"

सांगलीत राहून या प्रश्नाला उत्तर नाही. हरिपूर काय, इथून चालत जावं. तिथल्या गोविंद बल्लाळ देवलांनी ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली इथेच 'सीतास्वयंवर' केलं, म्हणून पोरीला नाट्यमंदिरासमोर उभं करून भाषण ठोकणारा मीच. तेव्हा ती ऐकत होती, हा माझ्यासाठी धक्काच. वर तिने सांगितलं, की केळकरांची 'त्राटिका' म्हणजे हेच नाटक. मला वाटत होतं, त्राटिका रामायणातली.

गप्प बसून पुढे बघू लागलो, आणि खरं सांगतो, गुंतलो. भर वर्गात थोरली कविता वाचायला उभी राहिली, दोन ओळी वाचल्या, आणि मोबाईलची बॅटरी संपली.

"अगं, पुढे काय होतं?"

"पुस्तकात बघा ना, बाबा," म्हणत ती झोपायला गेली. जाता जाता, पुढच्या रविवारी 'क्लूलेस' बघायचा, असं बजावून गेली. जेन ऑस्टिनची 'एमा', मुक्काम बेव्हर्ली हिल्स.

चष्मा लावून अकरापर्यंत शोधलं. कविता कुठेच नाही. शेवटी थोरलीचं लांबलचक भाषण मात्र सापडलं.

"एवढं काय वाचताय हो?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"बायकोने नवऱ्याच्या पायाखाली आपला हात ठेवावा, असं लिहिलंय," मी म्हणालो.

ही बाहेर आली. काही बोलली नाही. उरलेल्या भडंगाचं ताट उचललं, दिवा मालवला आणि गेली.